आजचे वचन आणि आजचा काटा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय सकाळचा चहा होत नाही. आजोबांच्याही आधीपासूनची ही रीत. आजीला अक्षरओळख नाही, आई चौथी आणि वडील सातवी शिकलेले; त्यामुळे मी तिसरीत धडाधड वाचू लागले तेव्हापासून हा मान माझ्याकडे आला. नीतिसूत्रांचे अध्याय 31. म्हणून ज्या दिवशी जी तारीख, त्या तारखेचा अध्याय, असा आमचा क्रम. गेली दहा वर्षे तो चालू आहे. म्हणजे बहुतेक अध्याय माझे शंभराहून अधिक वेळा वाचून झाले. एवढे वाचून माझ्यात काय फरक पडला, हा प्रश्न मला परवापरवापर्यंत पडलासुद्धा नव्हता!

मित्रमैत्रिणींनो, माझे मत थोडे कडू वाटेल. रोजचे वाचन ही फार फसवी सवय आहे. रोज वाचणाऱ्याला आपण रोज वागतोच आहोत असे वाटू लागते. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या आणि आपला चेहरा विसरणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. तो मला तोंडपाठ आहे. आणि पाठ आहे हीच तर अडचण! कोणी सकाळी डोळे मिटून पान उघडतो व बोट पडेल त्या ओळीत दिवसाचे भविष्य पाहतो. कोणी मोबाईलच्या स्टेटसवर फुलांच्या चित्रासह वचन टाकून मोकळा होतो. मीही टाकत असे. त्यात पाप नाही, पण कष्टही नाहीत.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या कामाला वाहिली, ते मला या संदर्भात नेहमी आठवते. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकली आणि केडगावच्या मुक्तिसदनात बसून तिने साऱ्या बायबलाचे मराठी केले. ते पंडितांसाठी नव्हे. कमी शिकलेल्या साध्या बायाबापड्यांना ऐकताच कळावे म्हणून. छपाईचे कामही तिथल्याच मुलींनी व बायकांनी केले. रमाबाई 1922 साली वारल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. मला वाटते, भाषा अवघड असली की माणसाला तिच्याआड लपता येते. कळले नाही म्हणता येते. कळणाऱ्या भाषेत ती सोय नाही.

माझीही सोय अशीच गेली.

मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ नोंदी लिहीत असे. त्या पैशांतून कॉलेजची फी आणि एस. टी.चा पास निघे. काट्यावर 6.48 लिटर दिसले तर 6.40 लिहायचे, शेवटचा आकडा सोडून द्यायचा, असे मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. सगळीकडे असेच असते, असेही सांगितले. मी लिहीत गेले. एकेका किटलीमागे थोडेसेच दूध. पण किटल्या साठ, आणि वेळा दोन.

गेल्या पावसाळ्यात 11 तारखेला अकरावा अध्याय आला. त्याच्या आरंभीच खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, अशा अर्थाचे वचन आहे. मी नेहमीप्रमाणे वाचून पुढे सरकले. आजीने थांबवले. "तराजू म्हंजे तुझा तो दुधाचा काटाच ना गं?" तिला काहीच ठाऊक नव्हते. अर्थ समजून घ्यावा एवढ्याचसाठी तिने विचारले होते. मी "हो" म्हटले आणि तो अध्याय अर्धाच राहिला.

लगेच धैर्य आले असे नाही. पुढे तीन आठवडे मी तसेच लिहिले. शेजारच्या विधवा मावशी एका गाईवर घर चालवतात. त्यांची किटली काट्यावर आली की माझी मान खाली जाई. शेवटी मी मालकांना म्हटले, "काका, मी दिसेल तोच आकडा लिहीन." ते रागावले नाहीत, हसले. "पोरी, तू शिकतेस ते बरंय, पण धंदा पुस्तकात नसतो," म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची पाळी माझ्याकडून गेली. निम्मे पैसेही गेले. सकाळी मात्र पूर्ण आकडा लिहिते; ते त्यांनी चालू दिले, का ते मी विचारले नाही.

यात मोठेपणा काही नाही. कवी नारायण वामन टिळकांना 1893 साली आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. तो वाचून 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायकामुलांपासून कित्येक वर्षे दूर राहण्याची किंमत दिली. त्यापुढे माझे निम्मे पैसे ते काय? आणि जक्कयाने तर ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले होते. मागच्या दीड वर्षाचे, साठ किटल्यांचे मी कसे परत करणार? वहीच्या शेवटच्या पानावर एकदा हिशेब मांडू लागले, अर्ध्यात सोडला.

आता आम्ही पूर्ण अध्याय वाचत नाही. आजी "थांब" म्हणेल तिथे थांबतो. कधी चारच ओळी होतात आणि चहा गार होतो.

संध्याकाळच्या पाळीला आता दुसरा एक मुलगा असतो. तो शेवटचा आकडा लिहितो की नाही, हे मी अजून जाऊन पाहिलेले नाही.