घोडीला कोणी विचारलं?

मंडळी, मागच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, लेकाच्या वरातीला घोडी ठरवली. नाचणारी आहे!" मी म्हटलं, "घोडी असेल तर मी नसेन." तेव्हापासून अबोला आहे. नातेवाईकही हे वाचतात, म्हणून सगळ्यांना एकदाच सांगतो.

पुतण्याचं म्हणणं, "तिला सवय असते. डीजेसमोर कशी शांत उभी राहते! मुक्या जनावराला काय कळतं?"

हेच मला खटकतं. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचा मालक फॉन ओस्टेन माझ्यासारखाच निवृत्त मास्तर, गणिताचा. बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, ते पाहून हान्स थांबायचा. लोक म्हणाले, म्हणजे घोडा मठ्ठच! अहो, मठ्ठ कोण? आपलं डोकं हलतंय हे माणसांना कळत नव्हतं, घोड्याला दिसत होतं. फळ्यापाशी उभा पोरगा माझा चेहरा वाचून उत्तर बदलायचा, त्यालाही मी मठ्ठच म्हणायचो. चूक माझी होती.

२०१६ साली नॉर्वेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या: झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. रोज दहा-पंधरा मिनिटं शिकवून दोन आठवड्यांत सगळे शिकले. मग थंडी-पावसात झूल मागू लागले, उन्हात नको म्हणू लागले. म्हणजे मत त्यांना आधीही होतं, पाटी नव्हती इतकंच.

आता वरातीतली घोडी. तोंडात लगाम, शेजारी काठी, पाठीवर नवरदेव, कानाशी फटाके. जाईल कुठे? तिच्या उभं राहण्याला आपण सवय म्हणतो. छडीच्या धाकाने गप्प बसलेल्या वर्गाला आम्ही शिस्त म्हणायचो, तसंच हे.

कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, १९६० चा. प्राण्याला क्रूरपणे वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वरातीत त्याहून जास्त नोटा ओवाळून टाकतात.

घोडीवाल्याच्या पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे ठरलेले पैसे माझ्या पेन्शनीतून पूर्ण देतो. त्या दिवशी घोडी घरी राहू दे.

आमच्या जामसरकडे वारल्यांच्या लग्नाला धवलेरी लागते, घोडी नाही. त्यांची लग्नं काय लागत नाहीत?

नवरदेव पायी निघाला, तर मी काठी टेकत सर्वांच्या पुढे चालेन. फोनची वाट पाहतो आहे. असो.