राजीनामा देण्याआधी

बांधलेला पगार सोडून धंद्यात उतरू पाहणारे तरुण आम्हा कापड व्यापाऱ्यांकडे सल्ल्याला येतात. आम्ही त्यांना अडवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तेवढे सांगतो. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. पण त्याआधीच बेळगावात सायकलचे दुकान सुरू होते. भाऊ रामूअण्णा ते सांभाळत. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी घेईनात. तरी ते टिकले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हिंमत हवीच, पण तयारी आधी. आमच्या परभणी जिल्ह्यात कापड खपते ते कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर, सणाला आणि लग्नसराईत. दुकानभाडे मात्र दरमहा. म्हणून बंधूंनो, निदान ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. उधारी किती द्यायची ते आधी ठरवा. पगार चालू असतानाच भावाच्या हातून आठवडी बाजारात माल विकून पाहा. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले, तर खुशाल राजीनामा द्या.