पैनगंगेपलीकडची पहिली निवडणूक

वाशिमहून हिंगोलीकडे निघालो की कनेरगाव नाका लागतो. 'नाका' म्हटले की मला हटकून जुनी सरहद्द आठवते. अलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच म्हणा. १९३६ पासून त्यांचे युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवीत. पदवी त्यांची, कारभार इंग्रजांचा!

१९४७ साली ही मोगलाई भारतात यायला राजी होईना. रझाकारांनी लुटालूट, जाळपोळ मांडली. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसची माणसे लढू लागली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी लष्कर आत शिरले आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याविषयीचा सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने कित्येक दशके कपाटात ठेवला. मुक्तिसंग्रामावर आपण भाषणे पुष्कळ करतो. हे प्रकरण तेवढे गाळतो.

आणि इतक्या ओल्या जखमांवर १९५२ साली निवडणूक आली! रझाकारांच्या धाकाने गाव सोडलेला कुणबी आणि सुडाच्या दिवसांत घर गमावलेला मुसलमान, दोघांनाही एकेकच मत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर चिन्ह. त्यामुळे निरक्षराचेही काही अडले नाही.

लढा काँग्रेसचा, तेव्हा मतेही काँग्रेसचीच, असा हिशेब होता. विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा तिला मिळाल्या खऱ्या. पण तेलंगणात १९५१ च्या ऑक्टोबरापर्यंत बंदूक धरून बसलेले कम्युनिस्ट, पक्षावर बंदी म्हणून, निराळ्या नावाने उभे राहिले. नळगोंड्यात रावी नारायण रेड्डींनी खुद्द नेहरूंहून अधिक मते घेतली. निजामसाहेब कुठे होते? राजप्रमुखाच्या खुर्चीवर! मला तर तेव्हाच्या दिल्लीच्या या व्यवहारी शहाणपणाचे हसूही येते आणि कौतुकही वाटते.

आमच्या शेजारच्या परभणीनेही हिशेब चुकवला. तिने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून दिले. चार वर्षांपूर्वी जीव धोक्यात घालून लढलेल्यांना हा निकाल केवढा झोंबला असेल! पण कॅम्पांतल्या बंदुका पुन्हा बाहेर निघाल्या नाहीत. १९५७ साली काँग्रेसवाले त्याच गावांत पुन्हा मते मागायला गेले आणि त्या खेपेला परभणीची जागा त्यांना मिळाली.