कामगंध सापळा आणि नववीची वही

शालेय विज्ञान प्रदर्शनातील बहुतेक प्रतिकृतींचे उत्तर त्या तयार होण्यापूर्वीच ठाऊक असते. ठिबक सिंचनाचा थर्माकोलचा देखावा कितीही सुबक असला, तरी त्यातून नवी माहिती हाती येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नसते, त्याला विद्यार्थी भिडतो तेव्हा संशोधनाचा आरंभ होतो. कापूस पिकविणाऱ्या गावांत असे प्रश्न शाळेच्या वाटेवरच आहेत.

गुलाबी बोंडअळीचेच पाहावे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज 8 नरपतंग आढळल्यास नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून उपाय योजावेत, अशी शिफारस आहे. तिचे मर्म ‘सलग’ या शब्दात आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या कर्मचाऱ्याला ही नोंद ठेवता येत नाही. शाळेच्या आवारालगतचा सापळा रोज पाहणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्याला ती सहज ठेवता येते.

मुलांच्या नोंदी विश्वासार्ह नसतात, हा आक्षेप अनाठायी नाही. पण त्यावर उपाय आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे, पतंग न सापडल्यास शून्य लिहावे, राहिलेल्या दिवसाचा रकाना अंदाजाने भरू नये आणि कृषी विज्ञान केंद्राने अधूनमधून पडताळणी करावी. चुकलेला आकडा न लपविण्याची ही सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची ठरेल.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नसावी. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेचा विसर पडता कामा नये. फवारलेल्या शेतात विद्यार्थ्यांना पाठवू नये. त्यांच्याकडून मजुरीची कामे करून घेऊ नयेत.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने 1993 पासून 10 ते 17 वर्षांच्या मुलांना स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्पांचे व्यासपीठ दिले. देशात 700 हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राने निदान एका माध्यमिक शाळेला एक खरा प्रश्न आणि एक मार्गदर्शक द्यावा. हंगामाअखेर त्या नोंदींचे काय झाले, हे शास्त्रज्ञांनी वर्गात येऊन सांगावे आणि त्या वापरल्यास विद्यार्थ्यांचा नामोल्लेख करावा. आकडे घेऊन उत्तर न देणारी संस्था विद्यार्थ्यांना केवळ हमाली शिकविते, संशोधन नव्हे.