जीपचे इंजिन बदलले, वायरिंगचे काय?



हिमायतनगर तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. वडिलांच्या वेळची पेट्रोलवरची जीप भंगारात न देता तिच्यात त्यांनी जुने प्युजो डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या इंजिनासाठी बाजारातून तयार वायरिंग सेटही आणला. गॅरेजवाले म्हणतात, "जुन्या तारांना नव्या तारा पिळून देतो, तासाभराचे काम आहे." तसे केले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे. कापसाच्या हंगामात जीप लागतेच, पण घरातल्या आजारी माणसाला रात्री-अपरात्री नांदेडला न्यायलाही तीच लागते.

चालेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. भोकरच्या अलीकडे अंधारात जीप उभी राहील, तेव्हा वाचवलेला तास फार महागात पडलेला असेल. असे बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

आपल्या भागात इंजिन बदललेल्या जीपा का दिसतात, ते समजण्यासारखे आहे. महिंद्र कंपनीने मुंबईच्या माझगावात जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा ती पेट्रोलवर चालत होती. पुढे पेट्रोल परवडेना. १९७९ साली कंपनीने फ्रान्सच्या प्युजोशी डिझेल इंजिनासाठी करार केला. ही इंजिने मग आपल्याच इगतपुरीत तयार होऊ लागली आणि जीपांत बसू लागली. त्यांतलीच निघालेली इंजिने जुन्या पेट्रोल जीपांत चढवली गेली. चासी मजबूत असते, इंजिन साखळीने उचलून दोन दिवसांत बसते. घोळ होतो तो तारांत.

तारांना हात लावण्याआधी कागद पाहा. आर. सी. बुकात इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी मालकाला मनाने बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू कडक धरली. तेव्हा जीप रस्त्यावर काढण्यापूर्वी नांदेडच्या परिवहन कार्यालयात जाऊन तुमच्या गाडीला हा बदल मंजूर होतो का ते विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाला आणि बुकातला क्रमांक इंजिनावर नसला, तर भरपाईच्या वेळी तोंड लपवायला जागा राहत नाही.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. त्यासाठी कॉइल असते आणि ती चार-पाच अँपिअर ओढते. जुन्या जीपची चावी आणि तिच्या तारा तेवढ्या भारासाठी केलेल्या. प्युजो डिझेलला ठिणगी लागत नाही, पण थंडीत पहाटे सुरू होण्यासाठी हीटर प्लग लागतात. चारही प्लग मिळून चाळीस अँपिअरच्या आसपास ओढतात. हा भार जुन्या चावीतून नेला तर चावी तापते, तार मऊ होते आणि वरचे आवरण वितळते. शेजारून डिझेलची नळी गेलेली असली आणि मागे कापूस भरलेला असला, तर पुढचे सांगायला नको. म्हणून हीटर प्लगला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, मध्ये रिले आणि फ्यूज हवाच. चावीने फक्त रिलेला इशारा द्यायचा.

यावरून एक नियम धरा. नव्या इंजिनाचे वायरिंग जुन्या वायरिंगच्या पोटात घालू नका. दोन्ही वेगळी ठेवा आणि चारच ठिकाणी भेटू द्या: बॅटरीचे धन टोक, चावी, अर्थ आणि समोरचे काटे-दिवे. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या तारा नुसत्या कापून लोंबत ठेवू नका, मुळापासून काढा. नंतर बिघाड आला तर कोणत्या बाजूला शोधायचे हे मग लगेच कळते.

पकड हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक तार कुठून निघते, कुठे जाते, मध्ये कोणता फ्यूज आहे, हे लिहा. रंगावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात आणि तुमच्या जीपमध्ये आजवर किती हात फिरले ते देव जाणे. दोन्ही टोके टेस्ट लॅम्पने तपासून मगच चिठ्ठी बांधा. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून जीपमध्येच ठेवा. पुढच्या मिस्त्रीला त्याचा मोठा आधार होतो.

सर्वांत जास्त विसरली जाते ती अर्थ. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत विणलेली तांब्याची जाड पट्टी लावावी लागते. ती नसली तर सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधत ॲक्सिलेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. केबल तापून चिकटली की लोक केबल बदलतात, आणि दोष तिथे नसतोच. पट्टीखालचा रंग आणि गंज खरवडून लोखंड चकचकीत करा, मगच बोल्ट आवळा.

जुन्या जीपला डायनामो आणि त्याचा वेगळा कटआउट असेल आणि नव्या इंजिनावर अल्टरनेटर असेल, तर जुना कटआउट वायरिंगमधून पूर्ण काढा. बहुतेक अल्टरनेटरांत तो आतच असतो. समोरचा चार्जिंगचा छोटा दिवा शोभेचा समजू नका. अनेक अल्टरनेटर त्या दिव्यातून येणाऱ्या थोड्या विजेवरच जागे होतात. दिवा लावलाच नाही, तर बॅटरी भरत नाही आणि दोष अल्टरनेटरवर येतो. काही जुन्या विलायती गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. तसेच ठेवून अल्टरनेटर लावला तर तो जळतो. तेव्हा आधी पाहून घ्या.

समोरच्या काट्यांचेही तसेच. तापमानाचा काटा आणि इंजिनावरचा त्याचा सेंडर एकाच जोडीचे हवेत. जोडी जुळली नाही तर इंजिन उकळत असताना काटा थंड दाखवतो.

उजेडाचा हिशोब करून पाहा. साठ वॅटचे दोन हेडलाइट बारा व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. चार मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर तारेत पाऊण व्होल्टच्या जवळपास वाया जातो. अडीच चौरस मिलिमीटर तारेत पाव व्होल्टपेक्षा थोडा जास्त. त्यात जुन्या स्विचचा गंज मिळवा. दाब दहा टक्के घटला की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो. रस्त्यावर बिनदिव्याची बैलगाडी असली तर तेवढ्याच उजेडाने जीव वाचतो किंवा जातो.

जोड पिळून वर टेप गुंडाळायचा नाही. टेप उन्हाने सुटतो, काळ्या मातीचा चिखल आत जातो आणि तांबे हिरवे पडते. योग्य मापाचे थिंबल दाबून बसवा किंवा डाख देऊन वर आकसणारी नळी चढवा. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडे घाला. सायलेन्सरच्या पाइपापासून आणि डिझेलच्या नळीपासून तारा दूर बांधा. जीप कडब्याजवळ उभी राहत असेल, तर उंदीर तारा कुरतडतात हे लक्षात ठेवून महिन्यातून एकदा बॉनेट उघडा. फ्यूज तारेच्या मापाचा घ्या. उडाला की सिगारेटची चांदी किंवा तारेचा तुकडा घालू नका. फ्यूज तार वाचवतो आणि तार वाचली तर गाडी वाचते.

सगळे जोडून झाले की लगेच बॅटरी लावू नका. सगळे स्विच बंद ठेवा. बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा एक साधा बल्ब जोडा. बल्ब लखलखीत पेटला तर कुठेतरी तार बॉडीला टेकली आहे. ती शोधा. बल्ब पेटला नाही तरच केबल लावा. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "चार्जिंग पाहण्याची" सवय सोडा, त्याने अल्टरनेटर जातो. चासीला वेल्डिंग करण्यापूर्वी मात्र बॅटरी सोडवा.

कोणी संगणकी पेटीचे नवे कॉमन रेल इंजिन सुचवत असेल, तर नुसते इंजिन घेऊ नका. पेटी, ॲक्सिलेटरचे पेडल, सेन्सर आणि चावीची सुरक्षा यंत्रणा एकाच गाडीतली हवी. यांतले एक जरी दुसरीकडचे असले, तर इंजिन सुरूही होणार नाही.

गॅरेजवाल्याला तासाभराऐवजी दोन दिवसांची मजुरी द्या आणि काम होईपर्यंत शेजारी बसा. प्रत्येक जोड टेप चढण्याआधी डोळ्यांनी पाहा. चांगला मिस्त्री याचा राग धरत नाही. जो धरेल, त्याच्याकडून जीप परत आणा.