पत्ता वाचून मूल तपासणारे

"मुलगा आहे, उशिराच बोलणार. याचा बाप पण चार वर्षांनी बोलला." वस्तीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. आजीची नाही, तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. चीड येते ती शिकलेल्यांची.

अडीच वर्षांचा एक मुलगा. नावाने हाक मारली तर वळत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवतो. पाणी हवं असेल तर बोट दाखवत नाही, आईचा हात धरून माठाकडे ओढतो. पूर्वी 'आई', 'पापा' म्हणायचा, तेही गेलं. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी केसपेपरवरचा पत्ता वाचला, आईला शिक्षण विचारलं आणि म्हणाले, "घरी याच्याशी बोलत नसाल तुम्ही. अंगणवाडीत घाला." तपासणी संपली! हेच मूल एखाद्या सोसायटीतून आलं असतं तर निदान कानाची तपासणी तरी लिहून दिली असती. जात विचारावी लागत नाही, पत्ता पुरतो.

दवाखान्यातून हाकललं की बुवा तयारच असतो. मागच्या जन्मीचं पाप म्हणतो, गंडा बांधतो. आणि हो, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातही तो गंडा बाहीखाली लपवलेला मी पाहिलाय.

म्हणून सरळ सांगते. वर्षाचं मूल बडबडत नसेल, हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर थांबू नका. स्वमग्नताच असेल असं नाही. ऐकू कमी येत असेल, म्हणून आधी कान तपासा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची वाढ आणि विकास तपासणार, गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणार, तेही मोफत, असं कागदावर ठरलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नताही आहे. तुमच्या अंगणवाडीत पथक शेवटचं कधी आलं? वजन-उंची लिहून गेलं, की मुलाशी खेळून पाहिलं? किती मुलं पुढे पाठवली? जाऊन विचारा, रजिस्टर मागा.

त्या आईला घेऊन मी सोमवारी पुन्हा जातेय. कानाची तपासणी चिठ्ठीवर आल्याशिवाय आम्ही दोघी बाकावरून उठणार नाही.