वेग आणि वेसण

अबू धाबी येथे ७ डिसेंबर २०२५ रोजी मोसमातील अखेरची शर्यत संपली आणि ब्रिटनचा लँडो नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला. त्याचे गुण ४२३, तर नेदरलँड्सच्या मॅक्स व्हर्स्टॅपनचे ४२१. चोवीस शर्यतींच्या अंती अंतर उरले ते अवघ्या दोन गुणांचे! अशी चुरस, शिवाय त्याच वर्षी पडद्यावर आलेला या खेळावरील चित्रपट, यांमुळे आपल्याकडील तरुण मोठ्या संख्येने या शर्यतींकडे वळला आहे. नव्या खेळाविषयी वाटणाऱ्या या कुतूहलाचे आम्ही स्वागतच करतो. तथापि फॉर्म्युला वन म्हणजे बेभान वेग, ही जी समजूत या कुतूहलाबरोबर रुजत आहे, ती मात्र वेळीच तपासून घ्यावयास हवी.

मुळात या खेळाचे नावच वेगावरून पडलेले नाही. फॉर्म्युला म्हणजे नियमांचे सूत्र. मोटार किती लांबरुंद असावी, तिचे वजन किती, इंजिन केवढे, इंधन कोणते, हे सारे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ ठरवून देतो आणि त्या चौकटीत राहून प्रत्येक संघाने आपले कौशल्य दाखवावयाचे असते. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत झाली. आज, २०२६ च्या मोसमात, अकरा संघांच्या बावीस मोटारी रिंगणात आहेत. यंदापासून इंजिनाची जवळजवळ निम्मी शक्ती विजेची आहे. शर्यतीचे अंतर सामान्यतः ३०५ किलोमीटरांहून किंचित अधिक असते. पहिल्या दहा जणांना गुण मिळतात. विजेत्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि असे उतरत दहाव्याला एक.

मोटार एकाच माणसापुरती असते आणि तिची चारही चाके अंगाबाहेर, उघडी असतात. नवख्या प्रेक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावे ते हेच. दोन मोटारींची उघडी चाके एकमेकांना भिडली, तर मागची मोटार पुढच्या फिरत्या चाकावर चढून हवेत भिरकावली जाऊ शकते. म्हणजे जो निष्काळजीपणा साध्या गाडीला ओरखड्यावर निभावतो, तो येथे प्राणावर बेततो. मोटारीच्या पुढे-मागे पंख असतात. विमानाचे पंख त्याला उचलतात, हे पंख उलट बसविलेले असल्यामुळे मोटारीला जमिनीशी दाबून धरतात. म्हणूनच ती एरवी अशक्य वाटणाऱ्या वेगाने वळण घेऊ शकते. पण पुढच्या मोटारीने घुसळलेल्या हवेत हा दाब कमी होतो. मागून धावणाऱ्याने घाई केली, तर टायर तापून झिजतात आणि घाईची किंमत पुढच्या दहा फेऱ्यांत मोजावी लागते. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरणे सक्तीचे आहे. मऊ टायर वेगवान पण अल्पायुषी, कठीण टायर संथ पण टिकाऊ. टायर बदलावयास केव्हा थांबावे, या एका निर्णयावर कित्येक शर्यती फिरल्या आहेत.

हे थांबणेही पाहण्यासारखे असते. वीसएक माणसे दोन-अडीच सेकंदांत चारही चाके बदलतात. परंतु त्याहून अधिक बोलके दृश्य त्याआधीचे. ताशी तीनशे किलोमीटरांनी धावणारी मोटार त्या गल्लीत शिरताना बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरांवर येते, कारण तेथे माणसे पायी वावरत असतात. ही मर्यादा मोडणारा जगज्जेता असला, तरी त्याला शिक्षा चुकत नाही. वेगवानांतील वेगवान माणूस येथे वेगमर्यादा पाळतो!

ही शिस्त उपजत आलेली नाही, ती मृत्यूंनी शिकविली आहे. १९९४ साली इटलीत इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवशी रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना हे दोघे प्राणास मुकले. २०१४ साली जपानमध्ये सुझुका येथे धोक्याचे पिवळे ध्वज फडकत असताना ज्यूल बियांची याची मोटार घसरून अपघातग्रस्त वाहन उचलणाऱ्या यंत्रावर आदळली. २०१५ साली तो गेला. प्रत्येक दुर्घटनेनंतर महासंघाने कारणे शोधली आणि नियम बदलले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हॅलो’ नावाचे टायटॅनियमचे कडे सक्तीचे झाले. रोमँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाने त्याला उघड विरोध केला होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे त्याचीच मोटार लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. जवळजवळ अर्ध्या मिनिटाने ग्रोजाँ त्या ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले होते, पण डोके त्या कड्याने राखले होते. आपली चूक त्याने मोकळेपणाने मान्य केली.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंना अतिवेग कारणीभूत होता. आमच्या गोव्यातील गावागावांत शिरस्त्राण आरशाला अडकवून दुचाकी पिटाळणारे तरुण आम्ही रोज पाहतो. ग्रोजाँने आधी जे म्हटले, तेच हे तरुण आज म्हणत आहेत. फरक इतकाच, की चूक कबूल करण्याची संधी त्यांतील अनेकांना मिळत नाही.

मोटारशर्यतींना आमचा विरोध नाही. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला, मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनाकोत विजय मिळविला, याचा आम्हांला अभिमानच आहे. आमचा आक्षेप आहे तो शर्यतीकडे तमाशा म्हणून पाहण्याला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वन झाली, पुढे करांच्या वादात ती गेली. हैदराबादच्या रस्त्यांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेच्या मोटारींची शर्यत झाली. राज्यात सत्तांतर होताच पुढच्या वर्षीची रद्द झाली. याउलट ३१ ऑगस्ट २०२४ रोजी चेन्नईत पाऊस पडला, मार्गाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळण्यास विलंब लागला, आणि प्रेक्षक जमलेले असतानाही ते मिळेपर्यंत मोटारी थांबून राहिल्या. अनेकांनी त्याला फजिती म्हटले. आमच्या मते त्या दिवसाची सर्वांत चांगली गोष्ट तीच होती.

रस्त्यावरील शर्यतीची भाषा गोव्यातही झाली आहे. अशी शर्यत आणू पाहणाऱ्यांनी आधी सांगावे, की ती आटोपल्यावर मागे काय उरणार? मुलांना शिकण्यासाठी लहान मोटारींचे कायमचे मैदान, ध्वज दाखविणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, वेगाची हौस भागविण्याची सुरक्षित जागा, की नुसते उखडलेले कठडे आणि थकलेली देणी? पहिले उरणार असेल, तर शर्यत अवश्य यावी. आणि आमच्या तरुण वाचकांनी ती पाहावी, मात्र पाहताना नजर केवळ वेगाच्या काट्यावर न ठेवता ब्रेकवरील पायाकडेही ठेवावी. वेग कोणतेही यंत्र देते, वेसण मात्र माणसालाच धरावी लागते.